पंडिता रमाबाई : श्रांत जिवाचा विसावा

दिवसभर वाट तुडवून थकलेल्या मनुष्याचे पाय रात्रीच्या झोपेनें ताजेतवाने होतात. परंतु जीवच थकला, तर त्याला विसावा कोठें मिळावा? हा प्रश्न केवळ ग्रंथांत न वाचतां ज्यांनीं तो स्वतःच्या आयुष्यांत भोगला, अशा थोर व्यक्तींत पंडिता रमाबाईंची गणना होते. त्यांची विद्वत्ता व लोकसेवा सर्वश्रुत आहे. या लेखांत त्यांच्या अंतःकरणाचा प्रवास सांगण्याचें योजिलें आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या दक्षिण भागांत, गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांना विद्या शिकविणें निषिद्ध मानीत अशा त्या काळीं त्यांनीं आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला संस्कृत शिकविलें, आणि पुढें त्या माउलीनेंच रमाबाईंना धडे दिले. रमाबाई तान्ह्या असतांनाच हें कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघालें. देवळाच्या आवारांत पुराण सांगावें, मिळेल त्यावर निर्वाह करावा आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा क्रम वर्षानुवर्षें चालला.

अखेर मद्रास इलाख्यांत दुष्काळानें त्यांना गांठलें. जवळचें द्रव्य दानधर्मांत सरलें होतें. मजुरीची संवय नव्हती, आणि भीक मागणें अभिमानास रुचेना. अकरा दिवस त्यांनीं रानांत पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर काढले. वृद्ध व अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनीं मृत्यूपूर्वीं धाकट्या कन्येला जवळ घेतलें, व आपण तिला परमेश्वराच्या स्वाधीन केलें असून तिनें जन्मभर त्याचीच सेवा करावी, असें बजावलें. त्यांच्यामागें थोड्याच काळांत आई गेली आणि थोरली बहीणही गेली.

उरलीं तीं दोघें भावंडें, श्रीनिवासशास्त्री व रमाबाई. सुमारें चार हजार मैलांचा प्रवास त्यांनीं केला, आणि तोही बहुतेक पायींच. झेलमच्या तीरीं कडाक्याच्या थंडींत पांघरूण नसल्यामुळें तीं वाळूंत खड्डे खणीत आणि वाळूच अंगावर ओढून घेऊन रात्र काढीत. एका सरोवरांत पुण्यवंतांच्या भेटीस पर्वत तरंगत येतात असें ऐकून तीं तेथेंही गेलीं. श्रीनिवासशास्त्र्यांनीं पहांटे पोहत जाऊन पाहिलें, तों ते मातीचे ढीग असून त्यांवर झाडें लावलेलीं होतीं! इतके कष्ट सोसूनही देव भेटल्याची खूण मनाला पटेना. पायांचा शीण उतरे. जिवाचा मात्र वाढतच जाई.

सन १८७८ मध्यें तीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरविलें. परंतु मानसन्मानानें मनाची पोकळी भरत नाहीं. सन १८८० मध्यें बंधु निवर्तले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशीं त्यांचा विवाह झाला. पण १८८२ च्या फेब्रुवारींत पटकीनें तेही गेले. पदरीं वर्षाच्या आंतील मनोरमा होती. पतीच्या ग्रंथसंग्रहांत लूककृत शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत त्यांच्या हातीं आली होती. तिनें मनांत जें बीज टाकलें, तें आतां रुजूं लागलें.

पुण्यास आर्य महिला समाज स्थापून १८८३ सालीं त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील मठांतील भगिनींजवळ राहिल्या. समाजानें टाकलेल्या स्त्रियांची शुश्रूषा या भगिनी लंडनजवळील फुलम येथें प्रेमानें करीत. हें प्रेम येतें कोठून, असें रमाबाईंनीं विचारतां, विहिरीवर पाणी भरण्यास आलेल्या शोमरोनी स्त्रीशीं प्रभु येशूनें केलेला संवाद एका भगिनीनें त्यांना वाचून दाखविला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

परंतु तेव्हांच त्यांना पूर्ण शांति लाभली असें समजणें चूक होय. त्यांच्या बुद्धीचें समाधान झालें, पण अंतरींचा भार हलका झाला नाहीं. धर्म मिळाला; ख्रिस्त मिळावयाचा होता. हें त्यांना सुमारें आठ वर्षांनंतर, १८९१ च्या सुमारास उमगलें, आणि त्यांनीं तें प्रांजळपणें लिहून ठेविलें आहे. पुण्य स्वतः जोडावयाचें नसून कृपा रिक्त हस्तांनीं स्वीकारावयाची असते, हें कळलें तेव्हां त्यांची यात्रा संपली.

मग त्या स्वस्थ बसल्या काय? मुळींच नाहीं. सन १८८९ मध्यें मुंबईस काढलेलें व पुढच्या वर्षीं पुण्यास नेलेलें शारदा सदन त्या चालवीतच होत्या. पुढें महर्षि कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील पहिल्या विद्यार्थिनींपैकीं होत. सन १८९३ मध्यें धर्मांतराच्या संशयावरून मोठें वादळ उठलें, अनेक पालकांनीं मुली काढून नेल्या, स्नेही दुरावले. तरी बाईंनीं हातचें काम सोडलें नाहीं. सन १८९६ चा दुष्काळ पडतांच त्या मध्यप्रांतांत धांवल्या आणि सुमारें तीनशें निराधार स्त्रिया व मुलींना त्यांनीं केडगांवास आणिलें. जिनें स्वतः झाडपाला खाऊन दिवस काढले होते, तिला त्या मुलींच्या डोळ्यांतील भूक ओळखण्यास कोणी शिकवावयास नको होतें. हेंच मुक्ति सदन.

उतारवयांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषा अभ्यासून साध्या बायकांनाही समजेल अशा मराठींत पवित्र शास्त्राचें भाषांतर हातीं घेतलें. त्याची छपाई केडगांवच्या स्त्रियांनींच केली. सन १९२१ मध्यें मनोरमाबाई निवर्तल्या. तें दुःख उरांत ठेवून मातेनें काम तडीस नेलें, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं इहलोकची यात्रा संपविली.

विद्यार्थिमित्रहो, थकलेल्यांना विसावा देऊं करणाऱ्या प्रभूनें त्याच वेळीं आपलें जूंही खांद्यावर घेण्यास सांगितलें आहे. विसावा व जूं यांचा मेळ कसा बसावा, असें कोणास वाटेल. त्याचें उत्तर रमाबाईंचें चरित्र देतें. विसाव्यापूर्वीं त्या देव मिळावा म्हणून चालत होत्या. विसाव्यानंतर देव मिळाला म्हणून चालूं लागल्या. वाट पूर्वींइतकीच खडतर होती, परंतु जीव थकला नाहीं.