त्रेपन्नाव्या वर्षी सायकल

तीन धडधाकट इंग्रज तरुण एक सायकल घट्ट धरून उभे आहेत आणि पन्नाशी ओलांडलेल्या एक बाई भीत भीत सीटवर चढत आहेत. हजारोंच्या सभेत न अडखळता तासभर बोलणाऱ्या या बाईंचे हात हँडलवर मात्र थरथरत आहेत. त्यांचे नाव फ्रान्सिस विलर्ड. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत हे नाव घरोघरी माहीत होते. बाईंनी आयुष्यात बरेच काही मिळवले होते. पण त्या दिवशी त्या पुन्हा पहिल्या यत्तेत बसल्या होत्या.

विलर्ड यांचा जन्म २८ सप्टेंबर १८३९ चा, न्यूयॉर्क राज्यातला. बालपण गेले विस्कॉन्सिनमधल्या शेतावर. झाडांवर चढणे, रानात हुंदडणे, भावाच्या बरोबरीने खेळणे यात दिवस जात. घरचे त्यांना ‘फ्रँक’ म्हणत. हे सगळे सोळाव्या वाढदिवशी थांबले. त्या काळच्या रीतीप्रमाणे मुलगी वयात आली की घोट्यापर्यंत लोळणारा झगा आणि वर बांधलेले केस आलेच. पावलागणिक पायात येणाऱ्या त्या झग्याने धावणे तर संपवलेच, चालण्याचीही गोडी घालवली. पुढे अनेक वर्षांनी सायकलवर लिहिताना बाईंनी हा दिवस मुद्दाम आठवला आहे. शरीराचा आनंद कोणत्या दिवशी सुटला, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

त्यानंतरची वर्षे कामाची. आधी शिक्षिका, मग १८७१ मध्ये इव्हान्स्टन इथल्या मुलींच्या कॉलेजच्या प्रमुख. ते कॉलेज नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात विलीन झाल्यावर तिथल्या विद्यार्थिनींच्या डीन. वरिष्ठांशी पटेना म्हणून १८७४ मध्ये राजीनामा. त्याच वर्षी दारूबंदीसाठी ‘विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन’ ही संघटना उभी राहिली आणि विलर्ड तिच्या चिटणीस झाल्या. १८७९ मध्ये त्या अध्यक्ष झाल्या आणि अखेरपर्यंत त्या पदावर राहिल्या. दारूने उद्ध्वस्त होणारा संसार बायकोचा असतो, मग कायदा करण्यात तिला मत का नसावे, हा प्रश्न त्यांनी लावून धरला. ही अमेरिकेतली त्या काळची सर्वांत मोठी स्त्रीसंघटना ठरली. १८८३ पर्यंत देशातल्या प्रत्येक राज्यात आणि प्रदेशात त्यांचे भाषण झालेले होते.

मराठी वाचकाला हे नाव अगदीच परके नसावे. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत होत्या. त्यांच्या भारतातल्या कामासाठी १८८७ मध्ये बॉस्टनला जी ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली, तिच्या उपाध्यक्षांपैकी एक विलर्ड होत्या. या मदतीच्या बळावर रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू केले.

पण रेल्वेचा प्रवास, हॉटेलातले जेवण, लेखनाच्या टेबलावरचे तास आणि अपुरी झोप यांची किंमत शरीर कधीतरी वसूल करतेच. धाकटी बहीण, वडील आणि भाऊ आधीच गेले होते. ऑगस्ट १८९२ मध्ये आई गेली. बाईंचा सगळ्यात मोठा आधार तीच होती. त्या खचल्या. शरीर थकलेले, मन कशात लागेना. विश्रांतीसाठी त्या इंग्लंडला, मैत्रीण लेडी हेन्री सॉमरसेट यांच्याकडे गेल्या. मोकळ्या हवेत राहा आणि आवडेल असा व्यायाम करा, हा सल्ला मिळाला. आवडेल असा, हे त्यातले महत्त्वाचे.

सायकल तेव्हा नवलाईची होती. पुढचे चाक माणसाएवढे आणि मागचे चिमुकले, अशी जुनी सायकल म्हणजे जिवावरचा खेळ होता. १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन केम्प स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी ‘सेफ्टी’ सायकल आणली. १८८८ मध्ये डनलप यांचे हवा भरलेले टायर आले आणि हाडे खिळखिळी करणारे हे वाहन बायकांच्या, प्रौढांच्या आवाक्यात आले. लगेच काही डॉक्टरांनी इशारेही दिले. तोल सांभाळण्याच्या ताणाने बायकांचा चेहरा कायमचा ताठरतो, असा ‘सायकल चेहरा’ नावाचा आजार चर्चेत होता. त्याला कसलाही आधार नव्हता आणि काही वर्षांत तो विसरलाही गेला.

लेडी हेन्रींनी मैत्रिणीला सायकल भेट दिली. बाईंनी तिचे नाव ठेवले ‘ग्लॅडिस’. वेश साधाच: ट्वीडचा झगा आणि ब्लाउज, गोल स्ट्रॉ हॅट, पायात चालायचे बूट. झगा जमिनीपासून तीन इंच वर. सोळाव्या वर्षी पायात अडकलेले कापड त्रेपन्नाव्या वर्षी तीन इंच वर सरकले, पण पायडल मारायला तेवढे पुरले.

त्या शिकल्या कशा, ते आजच्या नवशिक्यानेही नीट पाहावे. पहिल्या टप्प्यात तिघांनी सायकल धरली. मग दोघींनी. त्यानंतर एकच जण. शेवटी कोणी नाही. आपल्याकडे भाऊ किंवा शेजारचा दादा कॅरिअर धरून मागे धावतो आणि हळूच हात सोडतो, तीच ही पद्धत. आधार एकदम काढला तर माणूस पडतो आणि कायम ठेवला तर शिकत नाही. तो टप्प्याटप्प्याने काढावा लागतो. पक्षाघातानंतर रुग्णाला पुन्हा चालायला शिकवणारे फिजिओथेरपिस्टही हेच करतात.

बाईंनी हिशेबही ठेवला. रोज सरासरी पंधरा मिनिटे, असे सुमारे तीन महिने. एवढ्यात त्या क्रमाने चार गोष्टी शिकल्या: पायडल मारणे, वळणे, उतरणे आणि स्वतःहून चढणे. गुणाकार केला तर ही सगळी मेहनत जेमतेम बावीस तासांची भरते. हेच बावीस तास त्यांनी एका आठवड्यात उरकले असते तर अंग दुखून सायकल कोपऱ्यात पडली असती. नवे कौशल्य मेंदूत पक्के होते ते सरावाच्या मधल्या वेळात, विशेषतः झोपेत. थोडा थोडा रोजचा सराव म्हणूनच जास्त टिकतो.

उतरणे हा वेगळा धडा का, असा प्रश्न आज पडेल. त्या काळच्या बहुतेक सायकलींना फ्रीव्हील नव्हते. चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहत. पाय थांबवून सायकल नुसती पळू देण्याची सोय नव्हती.

शिकताना बाईंना उमगलेली एक गोष्ट शास्त्राच्या कसोटीवरही टिकते. नजर चाकाकडे गेली की त्या हेलकावत आणि पडण्याचा विचार मनात आला की पडत. लांब समोर पाहिले की सायकल सरळ जाई. त्याचे कारण असे. सायकल डावीकडे कलली की हँडल किंचित डावीकडेच वळवावे लागते. चाके पुन्हा शरीराच्या भाराखाली येतात आणि तोल सावरतो. हे काम डोळे, आतला कान, स्नायू आणि लहान मेंदू मिळून नकळत करतात. खाली पाहिले की डोळ्यांना क्षितिज दिसत नाही, कल किती हे उशिरा कळते. भीतीने खांदे आणि कोपरे आवळली की हँडलची ती बारीक हालचाल अडते. शिवाय भित्रा माणूस हळू चालवतो आणि वेग फार कमी असला की तोल राखायला हँडल जास्त फिरवावे लागते. भीतीने हेलकावे वाढतात आणि हेलकाव्यांनी भीती.

२० जानेवारी हा दिवस त्यांनी पुढे सणासारखा लक्षात ठेवला. त्याआधी त्या बऱ्याचदा एकट्या चढल्या होत्या, पण कोणीतरी जवळ उभे असे. त्या दिवशी जवळ कोणी नव्हते. त्या चढल्या आणि निघाल्या.

हा सगळा अनुभव त्यांनी १८९५ मध्ये एका छोट्या पुस्तकात लिहिला. शिकण्याची कारणे त्यांनी मोकळेपणाने दिली आहेत: साहसाची हौस, हाती नवी शक्ती यावी ही इच्छा आणि या वयात हे जमणार नाही असे अनेकांना वाटत होते, हेही एक. ज्या बायकांना सायकल आपल्यासाठी नाही असे वाटे, त्यांच्यासाठी अशा प्रतिष्ठित बाईंचे सायकलवर बसणे हाच मोठा दाखला होता.

सायकलने त्या पूर्ण बऱ्या झाल्या, असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांना पर्निशस ॲनिमिया हा रक्तक्षय होता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. या आजारात अन्नातले ब-१२ जीवनसत्त्व शरीरात शोषले जात नाही. तेव्हा त्यावर उपाय नव्हता. यकृत खायला देऊन रुग्ण सुधारतात, हे १९२६ मध्ये कळले आणि ब-१२ वेगळे काढले गेले ते १९४८ मध्ये. १७ फेब्रुवारी १८९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये, इन्फ्लुएंझाच्या आजारपणात विलर्ड गेल्या. वय ५८. १९०५ मध्ये अमेरिकी संसदेच्या पुतळ्यांच्या दालनात त्यांचा पुतळा बसला. तिथे स्थान मिळालेली ती पहिली स्त्री. ग्लॅडिस आजही इव्हान्स्टनच्या त्यांच्या घरात, म्हणजे आताच्या संग्रहालयात आहे.

त्यांच्या आजारातून आपल्यासाठी एक सूचना निघते. चार पायऱ्या चढून धाप लागत असेल, सतत थकवा किंवा पायांना मुंग्या असतील, तर तो केवळ व्यायामाचा अभाव आहे असे धरून चालू नये. शाकाहारी मंडळींमध्ये ब-१२ ची कमतरता पुष्कळ आढळते. हिमोग्लोबिन आणि ब-१२ तपासून घ्यावे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल, हृदयविकार किंवा मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

बाकी वाट बाईंनी घालून दिलेलीच आहे, फक्त क्रम थोडा बदलावा. आज ब्रेक लावून थांबणे आधी शिकावे, चढणे-वळणे नंतर. सीट इतकी खाली ठेवावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. जमल्यास पायडल काढून, पायांनी ढकलत तोल शिकावा, मग पायडल लावावीत. सकाळचे रिकामे मैदान, डोक्याला हेल्मेट, नजर समोर. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करायला सांगते. आकडा मोठा वाटला तर सुरुवात पंधरा मिनिटांनी करावी. पहिले काही दिवस सायकल धरायला कोणीतरी लागेल. घरातल्या मुला-नातवंडांना हाक मारायला लाजू नये. विलर्डबाईंना तर तिघे लागले होते.