वि. स. पागे आणि वरचं सभागृह

कॅम्पसमधून नोकरी लागली की सॅलरी स्लिपवर एक छोटीशी ओळ दिसेल. प्रोफेशन टॅक्स, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५००. हा टॅक्स का कापतात, हे बहुतेकांना माहीत नसतं. महाराष्ट्रात १९७५ साली हा कर लागला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरात पगार घेणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या मजुराला काम मिळायचं, असा तो सरळ हिशोब होता.

ही योजना ज्यांच्या डोक्यातून आली ते तेव्हा मंत्री नव्हते, विधानसभेचे आमदारही नव्हते. ते विधान परिषदेचे सभापती होते. त्यांचं नाव विठ्ठल सखाराम पागे.

त्यांची गोष्ट आज सांगण्याचं कारण म्हणजे एक वाद, जो दर काही वर्षांनी पुन्हा निघतो. विधान परिषद हवीच कशाला? निवडणुकीत पडलेल्यांची सोय करायला? एवढा खर्च करण्यापेक्षा सरळ जनतेला विचारा आणि बंद करून टाका, असं मेसमध्येसुद्धा कोणीतरी म्हणतंच.

पागे यांचा जन्म २१ जुलै १९१० चा. ते सांगली भागातले. गांधीजींच्या विचारांचा पगडा, त्यामुळे तरुणपणीच ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि तुरुंगातही गेले. स्वातंत्र्यानंतर ते विधान परिषदेत आले. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी जुलैत ते परिषदेचे सभापती झाले. १९७८ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८ वर्षं, ते त्या खुर्चीवर होते. तेव्हा नरिमन पॉइंटचं विधान भवन नव्हतं. रीगल सिनेमासमोरच्या ज्या जुन्या दगडी इमारतीत आता राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे, तिथे सभागृह भरायचं.

सभापतीचं काम म्हणजे सभागृह शांत ठेवणं, सगळ्यांना बोलू देणं, नियम सांभाळणं. मतदानातसुद्धा मतं समसमान पडली तरच त्याने मत द्यायचं. म्हणजे पद मोठं, पण सरकार चालवण्याची ताकद शून्य. पागे यांनी मात्र या पदावर बसून वेगळाच विचार चालू ठेवला. सांगली जिल्ह्याचा पूर्व भाग हा कायम दुष्काळी. पाऊस नाही म्हणजे शेतात काम नाही, आणि काम नाही म्हणजे चूल बंद. त्यांचं म्हणणं असं की या माणसाला फुकट धान्य नको, काम द्या. आणि ते मेहरबानी म्हणून नाही, हक्क म्हणून द्या. त्या कामातून बांध, पाझर तलाव, विहिरी, रस्ते उभे राहिले तर पुढचा दुष्काळ थोडा सोपा जाईल.

ही कल्पना त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्यापुढे मांडली. १९६० च्या दशकात तासगाव तालुक्यात विसापूरच्या परिसरात ती करून बघितली. आपल्या भाषेत पायलट प्रोजेक्ट. १९७२ साली योजना राज्यासाठी आली, आणि नेमका तेव्हाच मोठा दुष्काळ पडला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. एवढ्या लोकांना सरकार काम देऊ शकतं, हे त्यातून दिसलं. पुढे १९७७ चा रोजगार हमी कायदा दोन्ही सभागृहांत मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि १५ दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. २००५ साली संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याच्या मागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

आता प्रामाणिकपणे बघायला हवं. हे सगळं विधान परिषदेमुळे झालं का? तसं म्हणता येणार नाही. निर्णय मुख्यमंत्र्यांचा आणि पैसा सरकारचा होता. पश्चिम बंगालने १९६९ साली, पंजाबने १९७० साली, तमिळनाडूने १९८६ साली परिषद बंद केली आणि ती राज्यं काही थांबली नाहीत. आंध्र प्रदेशने १९८५ साली बंद केली आणि २००७ साली परत सुरू केली! पण पागे यांना त्या सभागृहाने एक गोष्ट नक्की दिली, ती म्हणजे वेळ. दर पाच वर्षांनी मतदारसंघात हात जोडत फिरायचं नव्हतं. म्हणून एकच कल्पना दहा-बारा वर्षं धरून ठेवता आली. हाच वेळ दुसरा एखादा नुसती झोप काढण्यात घालवू शकतो, हेही तितकंच खरं.

आपल्याकडे परिषद बंद करायला जनमताची तरतूदच नाही. कलम १६९ प्रमाणे विधानसभेने विशेष बहुमताने ठराव करायचा आणि संसदेने कायदा करायचा. आयर्लंडमध्ये मात्र ऑक्टोबर २०१३ मध्ये वरचं सभागृह बंद करायचं का, हे खरंच लोकांना विचारलं. खर्च वाचेल असा प्रचार झाला. तरी सुमारे ५१.७ टक्के लोक नको म्हणाले. मतदानाला आले होते जेमतेम ३९ टक्के. म्हणजे सभागृह वाचलं, पण ते चांगलं कसं चालवायचं हा प्रश्न तसाच राहिला. हो किंवा नाही एवढंच विचारलं की उत्तरही तेवढंच मिळतं.

मला वाटतं, बंद करा म्हणण्याआधी तिथे आपण कोणाला पाठवतो ते बघावं. परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ जागा पदवीधरांच्या आहेत. पदवीला तीन वर्षं झाली की आपणही त्या मतदार होऊ शकतो. नाव मात्र आपोआप लागत नाही, दर निवडणुकीला नवीन यादी होते आणि फॉर्म भरावा लागतो. आपल्या विभागाचं आयुक्त कार्यालय कुठे लांब नाही, बेलापूरला कोकण भवनात आहे. कितीतरी इंजिनीअर हा फॉर्म कधीच भरत नाहीत, आणि मग परिषदेला नावं ठेवतात.

१६ मार्च १९९० ला पागे गेले. विधिमंडळाच्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला आज त्यांचं नाव आहे. सॅलरी स्लिपवर ते नाव कुठेच नसतं. पण ते २०० रुपये कापले गेले की निदान आपल्याला तरी ते आठवावं, आणि पदवीधरची यादी निघाली की कोकण भवनाचा रस्ताही आठवावा.