ॲग्नेस पोकेल्स : भांड्यांच्या पाण्यातून विज्ञानाकडे

पॉलिथीनच्या कागदावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. तो पसरत नाही. मण्यासारखा गोल बसून राहतो. ज्याला पाणी धरत नाही त्याला शाई आणि डिंकही सहसा धरत नाहीत. यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला उपाय आपल्या कडेगाव परिसरातील द्राक्ष-बागायतदारांना लगेच उमगेल. तो उपाय म्हणजे कलम! जंगली खुंटावर हव्या त्या जातीची काडी बांधावी, तसे प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर किरणांचा मारा करून जागा तयार करतात आणि तेथून पाण्याची ओढ असलेल्या ॲक्रिलिक आम्लाच्या साखळ्या वाढवितात. आतले प्लॅस्टिक तेच राहते, बदलते ती वरची कातडी. कलम साधले की नाही, हे थेंबाच्या कडेशी होणारा कोन मोजून पाहतात. साध्या पॉलिथीनवर तो काटकोनाहून थोडा मोठा असतो. कलमानंतर तो उतरतो.

पृष्ठभागाच्या या शास्त्राचा पाया घालणाऱ्यांत एक बाई होत्या, आणि त्यांनी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नव्हती.

ॲग्नेस पोकेल्स यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी व्हेनिस येथे झाला. वडील ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. हिवतापाने त्यांची प्रकृती ढासळली आणि १८७१ साली कुटुंब जर्मनीतील ब्राउन्श्वाइग या गावी आले. ॲग्नेस तेथील मुलींच्या शाळेत शिकल्या. पदार्थविज्ञानाची त्यांना विलक्षण गोडी होती, पण त्या काळी जर्मन विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. पुढे दारे किलकिली झाली, तेव्हा आजारी आईवडिलांची शुश्रूषा त्यांच्याकडे होती. धाकटा भाऊ फ्रीडरिख मात्र ग्योटिंगेनला गेला आणि नामांकित पदार्थवैज्ञानिक झाला. त्याच्याच पुस्तकांवर बहिणीने आपला अभ्यास केला. (आपल्याकडील किती घरांत ही गोष्ट ओळखीची वाटेल!)

भांडी विसळताना तेलकट पाणी आणि स्वच्छ पाणी यांचा पृष्ठभाग निरनिराळा वागतो, हे त्यांच्या ध्यानात आले, असे सांगतात. साधारण अठराव्या वर्षी त्यांनी प्रयोगांना सुरुवात केली. १८८२ च्या सुमारास पत्र्याचे एक लांबट, उथळ भांडे तयार झाले. लांबी ७० सेंटिमीटर, रुंदी ५ सेंटिमीटर. ते काठोकाठ भरायचे, वर पत्र्याची पट्टी आडवी ठेवायची आणि ती सरकवून पृष्ठभाग लहानमोठा करायचा. पृष्ठभागावरची एक छोटी चकती तराजूने उचलून पाण्याचा ताण मोजायचा. तेलाचा थर किती दाबला म्हणजे ताण एकाएकी उतरू लागतो, हे त्यांना या साधनाने सापडले. सगळे साहित्य घरातले!

जवळजवळ दहा वर्षे हे ज्ञान त्या घरातच राहिले. ऐकणार तरी कोण? इंग्लंडचे लॉर्ड रेले याच विषयावर काम करीत आहेत असे कळल्यावर जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी रेले यांना जर्मन भाषेत सविस्तर पत्र लिहिले. रेले यांच्या पत्नीने त्याचे भाषांतर केले. रेले यांचा मोठेपणा असा, की पत्रातील निष्कर्ष आपल्या लेखनात मुरवून न घेता त्यांनी ते ‘नेचर’ नियतकालिकाकडे छापण्यासाठी धाडले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते ॲग्नेस यांच्या नावानेच प्रसिद्ध झाले.

त्यानंतर घरचा व्याप सांभाळून त्यांनी अनेक निबंध लिहिले. १९१४ साली द्रव पदार्थ घन पृष्ठभागावर कसे पसरतात आणि तेथे कोणता कोन करतात, यावर त्यांनी लिहिले. थेंबाचा हा तोच कोन. पॉलिथीन तेव्हा बाजारात यायचे होते. भाऊ १९१३ सालीच वारला होता. मग महायुद्ध आले. नवी पुस्तके, नियतकालिके मिळेनाशी झाली, दृष्टीही अधू झाली आणि संशोधन थांबले.

पत्र्याच्या त्या भांड्याची सुधारलेली आवृत्ती अमेरिकेच्या अर्विंग लँगम्यूर यांनी वापरली. पृष्ठभागांच्या रसायनशास्त्रासाठी त्यांना १९३२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ब्राउन्श्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने सत्तर वर्षांच्या ॲग्नेसबाईंना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी त्या वारल्या. भांड्याला मात्र पुस्तकांतून बहुधा लँगम्यूर यांचेच नाव आढळते.