अण्णा भाऊंची माणसे

लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची तसबीर आमच्या वसतिगृहाच्या सभागृहात दरवर्षी १ ऑगस्टला बाहेर निघे. तिला हार पडे, दोन-तीन भाषणे होत आणि सायंकाळी ती पुन्हा कपाटात जाई. त्यांची पुस्तके मात्र वर्षभर मुलांच्या उशांखाली फिरत. या स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांचे चरित्र सांगताना आम्हांस तसबिरीपेक्षा त्या उशांखालच्या पुस्तकांचीच आठवण अधिक होते. कारण लेखकाचे खरे चरित्र त्याने निर्माण केलेल्या माणसांत असते, अशी आमची समजूत आहे.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवे तालुक्यात, वारणेच्या खोऱ्यात आहे. वडील भाऊराव, आई वालुबाई, जात मांग आणि घर मांगवाड्यात. त्या घरी जे दारिद्र्य होते त्याचे वर्णन आमच्या पालकवर्गास निराळे करून सांगण्याची गरज नाही. फकिरा हा बंडखोर त्यांच्या मातुल घराण्यातला. अण्णांच्या जन्मसमयी त्याने लुटीतील सुरती रुपये ओंजळीने देऊन बाळंतिणीची सोय केली, अशी कथा सांगतात. शाळेशी त्यांचा संबंध अवघा दीड दिवसाचा होता. पुढे कुटुंब पायी मुंबईस आले. हमाली, फेरीवाल्याचे गाठोडे वाहणे, गिरणीतील काम, असे मिळेल ते करीत हा मुलगा दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचून अक्षरे शिकला. विद्यापीठ कोणाला कोठे भेटेल, हे सांगता येत नाही!

माटुंग्याच्या लेबर कँपात त्यांचा कामगार चळवळीशी संबंध आला. १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तमाशाच्या जुन्या गणगवळणीला त्यांनी वेगळे वळण दिले आणि त्यातून जे लोकनाट्य उभे राहिले ते संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव पोहोचले. या कामगिरीवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. आमचे लक्ष त्यांच्या कथा-कादंबऱ्यांकडे आहे.

‘फकिरा’ ही कादंबरी १९५९ साली आली. वि. स. खांडेकरांनी तिला प्रस्तावना लिहिली आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. अण्णा भाऊंनी ती अर्पण केली आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला. ज्याच्या हाती शाळेने लेखणी दिलीच नाही त्याने आपली सर्वांत मोठी कृती लेखणीस वाहावी, यातला अर्थ आमच्या विद्यार्थ्यांनी अर्पणपत्रिका उलटून पुढे जाण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावा.

कादंबरीचा आरंभ जोगणीपासून होतो. ज्या गावाकडे जोगणी, त्या गावाची जत्रा, असा रिवाज. शिगावची जोगणी आणण्यास वाटेगावचा राणोजी मांग जातो. जोगणी घेऊन शीव ओलांडली की पाठलाग संपला, हा नियम दोन्ही गावांस मान्य. राणोजी शीव ओलांडतो. तरीही शिगावचा बापू खोत त्याला गाठून ठार करतो. आता पाहा, गावाची प्रतिष्ठा त्या जोगणीत साठवलेली, आणि तिच्यासाठी शिर देणारा मनुष्य मात्र गावाच्या वेशीबाहेर राहणारा. नियम पाळतो मांग आणि मोडतो खोत. समाजातील कोण प्रतिष्ठित आणि कोण हीन, हा सारा हिशेब लेखकाने एका शिवेवर उलटा करून ठेवला आहे. त्यासाठी त्याने कोठेही व्याख्यान दिलेले नाही.

राणोजीचा मुलगा फकिरा मोठा होतो. जोगणी परत नेण्यास आलेला खोत त्याच्या तलवारीखाली सापडतो. बापाचा खुनी समोर असता फकिरा त्याचा प्राण घेत नाही, मनगटापासून हात तोडतो आणि त्याला जाऊ देतो. या प्रसंगावर वसतिगृहात आमचे रात्ररात्र वाद होत. काहींना ही दया वाटे, काहींना भित्रेपणा. आज आम्हांस वाटते की ज्या हाताने नियम मोडला तेवढाच हात फकिराने घेतला. त्याहून अधिक घेणे त्याच्या न्यायात बसत नव्हते.

पुढे दुष्काळ येतो. माणसे अन्नावाचून मरू लागतात, आणि फकिरा मठकरीच्या धान्यावर धाड घालतो. मग हजेरीचा जाच सुरू होतो. ब्रिटिश सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या होत्या. मनुष्याने काय केले हे न पाहता तो कोणाच्या पोटी आला एवढेच पाहणारी ती व्यवस्था होती. फकिरा सरकारी खजिना लुटतो, आणि अखेर आपल्या माणसांना ओलीस धरले असता त्यांच्या सुटकेसाठी स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो. त्याला डाकू म्हणणारा कायदा आणि त्याची ही करणी शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे कादंबरी कोणता प्रश्न विचारते ते ध्यानात येते. जातीवरून माणसे रंगवण्याचा सोपा मार्गही अण्णा भाऊंनी घेतला नाही. गावचे विष्णुपंत कुलकर्णी भुकेल्या मांगमहारांच्या पाठीशी उभे राहतात, हे विसरून चालणार नाही.

तथापि आमच्या मते अण्णा भाऊंची कला सर्वांत अधिक उतरली आहे ती ‘स्मशानातील सोनं’ या छोट्या कथेत. भीमा हा वारणाकाठचा आडदांड गडी मुंबईच्या उपनगरात दगडाच्या खाणीवर राबतो. खाण बंद पडते. राखेत त्याला सोन्याची अंगठी सापडते, आणि तेव्हापासून तो मढ्यांची राख चाळू लागतो. पुढे प्रेतेही उकरतो. एके रात्री ताज्या प्रेतावर कोल्हे जमतात आणि भीमा त्यांच्याशी झुंजतो. त्या झुंजीत माणूस आणि कोल्हा यांत काय अंतर उरले, हे वाचकाने ठरवावे. शेवटी प्रेताच्या तोंडातील सोने काढताना त्याची बोटे मढ्याच्या जबड्यात अडकतात. बोटे तोडावी लागतात, आणि त्याच दिवशी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. दगड फोडणारा तो पहाडासारखा मनुष्य लहान मुलासारखा रडतो.

येथे मढ्याचा जबडा हे नुसते भयानक दृश्य नाही. कामगाराचे भांडवल म्हणजे त्याचे हात. बेकारीने त्याला जेथे नेले तेथेच ते हिरावले गेले, आणि ज्यांच्या गाडीखाली खाणीचा कारभार चालतो ते मालक कथेत कोठे दिसतही नाहीत. भीमाला चोर म्हणणे सोपे आहे. लेखक त्याला निर्दोषही म्हणत नाही. तो फक्त खाण बंद झाल्याची आणि सुरू झाल्याची नोंद करतो. मार्च १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाच्या उद्घाटनाच्या भाषणात पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नसून दलितांच्या तळहातावर तरली आहे, अशा आशयाचे विधान त्यांनी केले होते. ते ध्यानी ठेवून ही कथा वाचावी.

त्यांच्या लेखनात दोष नाहीत असे आम्ही म्हणणार नाही. पोटासाठी भराभर लिहावे लागले. कादंबऱ्यांची संख्या पस्तिसाच्या आसपास गेली. त्यांतील काहींत योगायोग फार आहेत, नायक पहिल्या पानापासून अखेरपर्यंत सद्गुणी आहे, आणि लढाऊ स्त्रियांचे मोलही अनेकदा शीलाच्याच तराजूत तोलले आहे. आमच्या माजी विद्यार्थिनींनी यावर टीका लिहावी. ती आम्ही आनंदाने छापू. परंतु ‘वैजयंता’तील तमाशाच्या फडावरची स्त्री किंवा ‘माकडीचा माळ’मधील भटकी माणसे मराठी कादंबरीत एवढ्या हक्काने त्याआधी क्वचितच आली होती, हेही त्यांनी पाहावे.

१९६१ साली ते रशियास जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. परत आले ते घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडीतच. बहुतेक सारे लेखन त्यांनी तेथे केले. चित्रपटवाल्यांनी त्यांच्या कथा घेतल्या, पण हाती फारसे काही राहिले नाही. अखेरच्या वर्षांत आजार आणि एकटेपणा यांनी त्यांना घेरले. १८ जुलै १९६९ रोजी, वयाची एकोणपन्नास वर्षे पुरी होण्यास दोन आठवडे असताना, ते गेले.

पुढे टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले, पुतळे झाले. आमच्या ग्रंथालयातील ‘फकिरा’ची जुनी प्रत पाने सुटल्यामुळे दोनदा बांधून घ्यावी लागली. तिचे पहिले पान, म्हणजे अर्पणपत्रिकेचे, तेवढे हरवले आहे. कोणा माजी विद्यार्थ्याच्या वहीत ते असल्यास त्याने परत आणून द्यावे. दंड आकारला जाणार नाही.