दिसायला स्वच्छ पाण्याने ६०० हून जास्त जीव घेतले, आणि एका डॉक्टरने हापशाचा दांडाच काढायला लावला

पाणी चांगलं आहे की नाही, हे घरी कसं ठरतं?

ग्लास उजेडात धरायचा. गढूळ दिसत नाही, वास येत नाही, चवीला गोड आहे. झालं, पाणी चांगलं! बहुतेक घरांत पाण्याची तपासणी इथेच संपते.

१८५४ साली लंडनच्या सोहो भागातली माणसंही हेच करायची. तिथल्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या हापशाचं पाणी इतकं नावाजलेलं होतं, की दारातला हापसा सोडून लोक त्या पाण्यासाठी लांबून यायचे. त्याच पाण्याने पुढे ६०० हून जास्त लोकांचा जीव घेतला.

दोष पाण्याचा आहे, हे ज्याने शोधून काढलं त्या डॉक्टरचं नाव जॉन स्नो. गेम ऑफ थ्रोन्सवाला नव्हे, खराखुरा!

मजुराचा पोरगा डॉक्टर झाला

जॉन स्नो यांचा जन्म १५ मार्च १८१३ चा, इंग्लंडच्या यॉर्क शहरातला. वडील मजुरी करायचे. नऊ भावंडांत जॉन थोरले. घर नदीकाठच्या गरीब वस्तीत, त्यामुळे पूर आणि घाण पाणी लहानपणापासून ओळखीचं.

१४ व्या वर्षी ते न्यूकॅसलला एका डॉक्टरच्या हाताखाली शिकायला लागले. १८३१ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्यांदाच कॉलरा शिरला, आणि कोळशाच्या खाणीतल्या रुग्णांवर उपचार करायला या कोवळ्या पोराला पाठवलं गेलं.

खाणकामगार तासन् तास जमिनीखाली असायचे. तिथे ना संडास, ना हात धुवायला पाणी. भाकरतुकडाही तिथेच खायचा, त्याच हातांनी. ही गोष्ट स्नो यांनी पुढे आपल्या पुस्तकात मांडली.

१८३६ साली ते लंडनला आले. १८४४ मध्ये एमडी झाले. नंतर भूल देण्याच्या नव्या शास्त्रात त्यांनी असं नाव कमावलं, की ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाच्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म द्यायला त्यांनाच बोलावलं गेलं.

सगळे म्हणत होते हवा, हे म्हणाले पाणी

त्या काळी डॉक्टरांचा आणि सरकारचाही ठाम समज होता, की कॉलरा घाणेरड्या हवेतून होतो. जिथे दुर्गंधी, तिथे रोग.

स्नो यांना हे पटत नव्हतं. ईथर आणि क्लोरोफॉर्मवर काम केल्यामुळे वायू शरीरात कसा जातो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. त्यांचा मुद्दा सरळ होता. रोग हवेतून येत असेल तर आधी छाती धरायला हवी. कॉलरा तर पोटापासून सुरू होतो. म्हणजे जे काही आत जातंय ते तोंडावाटे जातंय.

१८४९ साली त्यांनी एक छोटी पुस्तिका छापली. रुग्णाच्या जुलाबातून बाहेर पडलेलं काहीतरी पिण्याच्या पाण्यात मिसळतं आणि रोग पसरतो, असं त्यांनी मांडलं. फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

एकच गल्ली, दोन कंपन्यांचे नळ

पुरावा मिळाला १८५४ च्या साथीत.

दक्षिण लंडनच्या एका मोठ्या भागात दोन खासगी कंपन्या पाणी पुरवायच्या. साउथवार्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी थेम्स नदीचं पाणी शहरातूनच उचलायची, जिथे गटारं नदीत सुटायची. लॅम्बेथ कंपनीने मात्र १८५२ मध्ये आपली उचल शहराच्या वरच्या अंगाला, स्वच्छ प्रवाहात नेली होती.

गंमत म्हणजे दोन्ही कंपन्यांचे पाइप एकाच गल्लीतून गेलेले. शेजारी शेजारी घरं, हवा तीच, फक्त नळ वेगळे.

स्नो दारोदार फिरले. पण भाडेकरूंना आपल्याकडे कुठल्या कंपनीचं पाणी येतं हेच माहीत नसायचं, कारण बिल घरमालक भरायचा. मग त्यांनी युक्ती केली. पाण्याचा नमुना घ्यायचा आणि त्यात सिल्व्हर नायट्रेट घालायचं. शहरातून उचललेल्या पाण्यात मिठाचं प्रमाण जवळपास ४० पट होतं, त्यामुळे त्यात लगेच पांढरा साका धरायचा. कंपनी ओळखू यायची.

पहिल्या सात आठवड्यांचा हिशोब लागला. शहरातलं पाणी पिणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३१५ मृत्यू. वरच्या अंगाचं पाणी पिणाऱ्या दर १०,००० घरांमागे ३७.

ब्रॉड स्ट्रीटचा हापसा

हे काम चालू असतानाच ३१ ऑगस्टच्या रात्री सोहोत कॉलरा भडकला. ब्रॉड स्ट्रीटच्या आसपास तीन दिवसांत १२७ माणसं गेली. ज्यांना शक्य होतं ते घरदार सोडून पळाले.

स्नो तिथून जवळच राहायचे. ३ सप्टेंबरला संध्याकाळी त्यांनी हापशाचं पाणी तपासलं. आणि इथेच खरी मेख आहे. पाण्यात त्यांना इतकी कमी घाण दिसली, की आपला अंदाज चुकतोय की काय, अशी शंका त्यांनाच आली.

मग त्यांनी पाण्याकडे बघणं सोडलं आणि माणसांकडे बघायला सुरुवात केली. कोण मेलं? पाणी कुठून आणायचं?

मेलेल्यांपैकी बहुतेकांचं घर याच हापशाजवळ होतं. जवळच्या अनाथाश्रमवजा वर्कहाउसमध्ये ५३५ जण राहायचे, पण तिथे फक्त ५ दगावले. त्यांची विहीर स्वतंत्र होती. त्याच रस्त्यावरच्या बिअरच्या कारखान्यातले ७० हून जास्त कामगार ठणठणीत होते. ते कारखान्याची बिअर प्यायचे, हापशाकडे फिरकायचेच नाहीत.

आणि सगळ्यात मोठा पुरावा सापडला काही मैल दूर, हॅम्पस्टेडमध्ये. तिथे कॉलरा नव्हताच, तरी एक विधवा बाई कॉलऱ्याने गेली. चौकशीत कळलं, की ती आधी ब्रॉड स्ट्रीटला राहायची आणि तिथल्या पाण्याची चव आवडते म्हणून गाडीवरून ते रोज मागवायची. तिच्याकडे आलेली भाची तेच पाणी प्यायली आणि आपल्या घरी परतून तीही गेली.

७ सप्टेंबरला स्नो यांनी हे सगळं स्थानिक कारभाऱ्यांपुढे मांडलं. ८ सप्टेंबरला हापशाचा दांडा काढला गेला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्नो यांनी स्वतःच प्रामाणिकपणे नोंदवून ठेवलं.

खोट नेमकी कुठे होती?

हेन्री व्हाइटहेड नावाचे तिथले पाद्री स्नो यांना खोटं पाडायला निघाले होते. घरोघर चौकशी करता करता त्यांचंच मत बदललं.

हापशाला लागून असलेल्या घरातलं एक तान्हं बाळ साथीच्या आधी जुलाबाने आजारी होतं. त्याचे लंगोट धुतलेलं पाणी आई घरापुढच्या शोषखड्ड्यात ओतायची. पुढे खोदून पाहिलं, तर खड्ड्याच्या विटा सुटलेल्या, आणि तिथून विहीर तीन फुटांच्याही आत. मैला झिरपत होता, पण वर येणारं पाणी नितळ होतं.

श्रेय मात्र हयातीत मिळालं नाही

सरकारच्या आरोग्य मंडळाने स्नो यांचं म्हणणं फेटाळलं. साथ संपल्यावर हापशाचा दांडाही परत बसवला गेला.

१० जून १८५८ ला लिहायला बसलेले असताना स्नो यांना झटका आला आणि १६ जूनला ते गेले. वय फक्त ४५. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांच्यावर चार ओळी छापल्या. त्यात क्लोरोफॉर्म होतं, कॉलरा नव्हता.

१८६६ मध्ये पूर्व लंडनमध्ये पुन्हा साथ आली, तेव्हा सरकारी आकडेतज्ज्ञ विल्यम फार यांनी तिचा माग पाणी कंपनीच्या उघड्या तलावापर्यंत लावला. पूर्वी हवेवर विश्वास ठेवणारे फार आता स्नो यांच्या बाजूला आले होते. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात काम करून कॉलऱ्याच्या जंतूवर शिक्कामोर्तब केलं.

आपल्या घरासाठी यात काय आहे?

स्नो यांनी १८५५ च्या पुस्तकात सांगितलेले उपाय साधे होते. पाण्याची शंका असेल तर ते चांगलं उकळा, जमल्यास गाळा. रुग्णाची सेवा करताना हात धुवा. हे आजही जसंच्या तसं लागू आहे.

फक्त कुठल्या उपायाने काय होतं, हे माहीत हवं.

उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार, फ्लोराइड, आर्सेनिक किंवा नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्यावर त्यांचं प्रमाण थोडं वाढतं. तुरटीने गाळ खाली बसतो, पण तेवढ्याने पाणी निर्जंतुक होत नाही. गावच्या विहिरीत टाकतात ती टीसीएल पावडर किंवा घरचे क्लोरीनचे थेंब जंतू मारतात, पण त्यांना साधारण अर्धा तास द्यावा लागतो, आणि गढूळ पाण्यात त्यांचा जोर कमी पडतो.

शोषखड्डा आणि विहीर यांचं ते जुनं दुखणंही संपलेलं नाही. पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल, तर नळ बंद झाल्यावर पाइपातला दाब पडतो. शेजारून गटार वाहत असेल आणि पाइपाला चीर असेल, तर घाण आत ओढली जाते. म्हणून बोअरवेलपासून सेप्टिक टँक किती लांब आहे, नळाची लाइन कुठून आलीय, हे एकदा बघून ठेवावं. गल्लीत एकाच वेळी बऱ्याच घरांत जुलाब सुरू झाले, तर पाणी उकळायला घ्यावं आणि नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पाणी नितळ दिसतंय म्हणून थांबू नये.

ब्रॉड स्ट्रीटचं नाव आता ब्रॉडविक स्ट्रीट आहे. तिथे दांडा नसलेला एक हापसा आठवण म्हणून उभा आहे. जवळच जॉन स्नो यांच्या नावाचा पबही आहे.

तरुणपणी हे गृहस्थ दारूविरोधात प्रचार करायचे!