जखमेतील अदृश्य शत्रू ओळखणारे शल्यविशारद : जोसेफ लिस्टर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शस्त्रक्रिया यशस्वी होणे आणि रुग्ण वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १८४६ नंतर भूल देण्याच्या तंत्रामुळे वेदनेवर मात झाली. परंतु पुढे काही दिवसांतच जखम चिघळून असंख्य रुग्ण दगावत. जखमेत पू होणे हे बरे होण्याचे लक्षण मानले जाई आणि शल्यचिकित्सक रक्ताने माखलेल्या कोटातच एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जात. ही स्थिती पालटण्याचे मोठे श्रेय जोसेफ लिस्टर यांना जाते.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील अप्टन येथे एका क्वेकर कुटुंबात झाला. व्यवसायाने मद्यव्यापारी असलेल्या त्यांच्या वडिलांनी सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत मोलाच्या सुधारणा केल्या होत्या. त्यामुळे सूक्ष्म जगाची ओळख लिस्टर यांना घरातच झाली. लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १८५३ मध्ये ते एडिंबरा येथील ख्यातनाम शल्यचिकित्सक जेम्स साइम यांच्याकडे गेले. १८५६ मध्ये साइम यांच्या कन्या ॲग्नेस यांच्याशी त्यांचा विवाह झाला. लिस्टर यांच्या प्रयोगांच्या नोंदी ठेवण्याचे काम ॲग्नेस यांनी आयुष्यभर केले.

१८६० मध्ये ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक झाल्यावर एका निरीक्षणाने त्यांना अस्वस्थ केले. हाड मोडले तरी त्वचा अखंड असेल, तर रुग्ण सहसा बरा होई. मात्र हाड त्वचा फाडून बाहेर आले असेल, तर जखम सडे आणि अवयव कापण्याची वेळ येई. दूषित हवेमुळे जखमा सडतात, हा प्रचलित समज त्यांना पुरेसा वाटेना. १८६५ मध्ये लुई पाश्चर यांचे संशोधन त्यांच्या वाचनात आले आणि फाटलेल्या त्वचेतून शिरणारे सूक्ष्म जीवच या विकाराचे मूळ असावेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. कार्लाइल शहरातील सांडपाण्याची दुर्गंधी घालवण्यासाठी कार्बोलिक आम्ल वापरले जात असल्याचे त्यांना ठाऊक होते.

१२ ऑगस्ट १८६५ रोजी ११ वर्षांचा जेम्स ग्रीनलीस गाडीचे चाक पायावरून गेल्याने रुग्णालयात आला. हाड मोडले होते आणि त्यावरची त्वचाही फाटली होती. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजवलेले कापड बांधले. चार दिवसांनी पट्टी सोडली असता पू नव्हता. कडेची लाली जंतुसंसर्गाची नसून आम्लाच्या दाहाची आहे, हे ओळखून त्यांनी पुढील मलमपट्टी सौम्य केली. सुमारे सहा आठवड्यांत हाड जुळले आणि मुलाचा पाय वाचला.

१८६७ मध्ये त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ही पद्धती मांडली. ती अवलंबण्यापूर्वी अवयव कापलेल्या ३५ रुग्णांपैकी १६ दगावले होते. नंतरच्या ४० रुग्णांपैकी सहा. तरीही अनेक सहव्यावसायिकांनी जंतूंची कल्पनाच हास्यास्पद ठरवली. १८७७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रुजू झाल्यावर लिस्टर यांनी गुडघ्याच्या मोडलेल्या वाटीवर शस्त्रक्रिया करून ती चांदीच्या तारेने जोडली. सांधा उघडणे जिवावर बेतणारे मानले जाई, त्या काळात मिळालेल्या या यशाने विरोधाची धार बोथट झाली.

स्वतःच्या पद्धतीचाही त्यांनी आंधळा आग्रह धरला नाही. शस्त्रक्रियेच्या वेळी हवेत कार्बोलिकचा फवारा मारण्याची प्रथा त्यांनीच रूढ केली होती; पण जखमेला खरा धोका हवेपेक्षा हात, उपकरणे आणि कापड यांच्यापासून असतो, हे पटल्यावर त्यांनीच ती सोडून दिली.

१८९७ मध्ये त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली. १० फेब्रुवारी १९१२ रोजी केंट परगण्यातील वॉल्मर येथे त्यांचे निधन झाले. कार्बोलिक आम्ल जखमेवरून केव्हाच हद्दपार झाले असले, तरी खरचटल्यावर वा कापल्यावर जखम आधी स्वच्छ पाण्याने धुऊन मग झाकावी, या घरोघरीच्या साध्या नियमामागे लिस्टर यांनी रुजवलेलाच विचार आहे.