सोवळ्याच्या घरातून ‘स्मृतिचित्रे’पर्यंत

चिचगड (जि. गोंदिया) : देवरी तालुक्यातील चिचगड हे छत्तीसगडच्या सीमेलगतचे, जंगलाच्या कुशीतील गाव. इंग्रजी अमदानीत येथे जमीनदारी होती आणि हा सारा मुलूख तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. येथून पूर्वेकडे सीमा ओलांडली, की राजनांदगावचा प्रदेश लागतो. त्या काळी राजनांदगाव हे एक छोटे संस्थान होते. मराठी साहित्याच्या आणि महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या इतिहासात या संस्थानाचे नाव एका प्रवासामुळे कायमचे नोंदले गेले. नागपूरहून गोंदिया, आमगाव, सालेकसा या वाटेने तिकडे जाणाऱ्या रेल्वेगाडीत १८९३ मध्ये एका चित्पावन कवीची आणि एका परदेशी मिशनऱ्याची गाठ पडली. कवी होते नारायण वामन टिळक आणि मिशनरी होते अर्नेस्ट वॉर्ड. वॉर्ड यांनी आपल्या सहप्रवाशाला बायबल वाचावयास दिले आणि दोन वर्षांत तो ख्रिस्ती होईल, असे भाकीतही केले. ते खरे ठरले.

पूर्व विदर्भातील रुळांवर झालेल्या या भेटीने टिळकांचे आयुष्य बदलले, हे सर्वश्रुत आहे. मात्र तिची सर्वांत मोठी किंमत ज्या व्यक्तीने मोजली, ती त्या डब्यात नव्हती. ती व्यक्ती म्हणजे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या स्त्रीने पुढे मराठीतील एक श्रेष्ठ आत्मचरित्र लिहिले. त्यात तिने धर्माचा विचार मांडला तो चूल, पाण्याची घागर, लेकरांची आजारपणे आणि नवराबायकोची भांडणे यांच्या आधाराने.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळील जलालपूरचा. माहेरचे आडनाव गोखले, नाव मनकर्णिका. घरातील हाक मनू. त्यांच्या आईच्या वडिलांना १८५७ च्या धामधुमीनंतर इंग्रजांनी फाशी दिली. त्या घटनेने लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या मनावर विलक्षण परिणाम झाला. सोवळेओवळे हाच त्यांचा ध्यास झाला. बाहेरून आलेली वस्तू, बाहेरून आलेला माणूस, बाहेरून आलेला वारासुद्धा जणू विटाळाचा. धुणे, शिंपडणे आणि पुन्हा धुणे यात घरातील बायकामुलांचे दिवस जात. लक्ष्मीबाईंनी पुढे हे सारे मिस्कीलपणे रंगविले असले, तरी त्या हसण्याखाली एका भेदरलेल्या घराची हकीकत आहे. शुद्धता कशाला म्हणावयाचे, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात असा बालपणीच शिरला. त्याचे उत्तर सापडावयास त्यांना तीस वर्षे लागली.

वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचे लग्न झाले. पती नारायण वामन टिळक हे रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. जन्म १८६१ चा. आईच्या मृत्यूनंतर घर सोडून ते नाशिकला आले होते. संस्कृतचा व्यासंग, हातात कविता, स्वभाव उदार आणि तितकाच तापट. एका गावी, एका नोकरीत ते फार काळ टिकत नसत. मनात आले की निघाले, असा प्रकार. घरात धान्य नसताना बाजारहाटासाठी दिलेल्या पैशांतून ते एक सुरेख दौत घेऊन परतले, ही त्यांच्या संसाराची सुप्रसिद्ध कथा. अशा संसारात लक्ष्मीबाई टिकल्या त्या सोशिकपणापेक्षा विनोदबुद्धीच्या बळावर. अक्षरओळख त्यांना पतीनेच करून दिली.

टिळक नागपुरास आले ते साहित्याच्या आणि धर्मचिंतनाच्या ओढीने. तेथे त्यांना आप्पासाहेब बुटी यांचा आश्रय लाभला आणि ‘ऋषी’ नावाचे धर्मविषयक मासिकही त्यांनी चालविले. जातिभेदाने पोखरलेल्या समाजाला एकत्र बांधील असा धर्म ते शोधत होते. पुढे राजनांदगाव संस्थानात त्यांना नोकरी मिळाली आणि त्याच वाटेवर वॉर्ड भेटले. बायबलमधील डोंगरावरील प्रवचनाने त्यांना जिंकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंवर त्या दिवशी आकाश कोसळले. पती जिवंत असून दुरावलेला, पदरी लहानगा दत्तू, आणि भोवतालच्या समाजाच्या नजरेत दया व तिरस्कार यांचे मिश्रण. पुढची सुमारे पाच वर्षे त्यांनी नातलगांच्या आधाराने काढली. बहीण भिकूताई आणि तिचे यजमान पेंडसे यांनी त्यांना सांभाळले. पंढरपूरला विठोबाच्या सावलीत त्यांनी उपासतापास केले, अश्रू गाळले. याच काळात त्यांच्या दुःखाला पद्याची वाट सापडली. लक्ष्मीबाईंच्या कवितेचा उगम शोधावयाचा तर तो या विरहात आहे.

त्या वेळी कायद्याने टिळकांपुढे एक सोपा मार्ग होता. धर्मांतरानंतर जोडीदार सोबत राहण्यास तयार नसेल, तर धर्मांतरिताला न्यायालयाकडून विवाह रद्द करून घेण्याची मुभा १८६६ च्या कायद्याने दिली होती. टिळकांनी तो मार्ग पत्करला नाही. त्यांनी पत्रे लिहिली, वाट पाहिली आणि पत्नीवर आपला धर्म लादणार नाही, अशी ग्वाही दिली. शतकाच्या अखेरीस लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आल्या. आल्या त्या पत्नी म्हणून; ख्रिस्ती म्हणून नव्हे. त्यांचे घर वेगळे, चूल वेगळी, पाणी वेगळे. एकाच कुटुंबात दोन धर्म नांदू लागले आणि दोन्ही बाजूंच्या लोकांना ते विचित्र वाटू लागले.

लक्ष्मीबाईंचे परिवर्तन या वेगळ्या चुलीपाशी झाले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कोणत्याही प्रवचनाने वा वादविवादाने त्यांना बदलले नाही. रोजच्या पाण्याचा प्रश्न होता. कोणाच्या हातचे घ्यावयाचे, कोणाच्या हातचे नाही, हे ठरविता ठरविता त्यांच्या मनात मूळचाच प्रश्न उभा राहिला. जाती देवाने केल्या की माणसाने? देवाने केल्या असत्या, तर त्यांची खूण माणसाच्या देहावर जन्मतःच दिसली असती. पशुपक्ष्यांच्या जाती ओळखू येतात, तशा माणसांच्या येत नाहीत. हा विचार पटताच त्यांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. यापुढे कोणाच्याही हातचे खाईन-पिईन, असे त्यांनी पतीला सांगून टाकले. धुण्याशिंपण्याच्या घरात वाढलेल्या मुलीसाठी पाण्याचा तो एक पेला म्हणजे सारे आयुष्य ओलांडणे होते.

तरीही बाप्तिस्मा त्यांनी लगेच घेतला नाही. विटाळाची कल्पना गळून पडली आणि मग काही काळाने श्रद्धा आली. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात टिळक कुटुंब राहुरीला होते. उपाशी, पोरकी मुले दारात येत होती. त्यांना न्हाऊ घालणे, भरविणे, त्यांची दुखणी काढणे, हे काम लक्ष्मीबाईंच्या हातून होऊ लागले. पुस्तकात वाचलेली शेजाऱ्यावरील प्रीती त्यांच्यापुढे उवा झालेल्या डोक्यांच्या आणि खपाटीला गेलेल्या पोटांच्या रूपाने उभी राहिली. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या निर्णयाने बाप्तिस्मा घेतला. पतीच्या मागून जाणारी स्त्री, एवढीच त्यांची ओळख सांगणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. टिळकांना धर्म विचारांतून सापडला. लक्ष्मीबाईंना तो हातांच्या कामातून सापडला.

पुढील काळात अहमदनगरचे त्यांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. अनाथ मुले, विद्यार्थी, पाहुणे आणि कवी यांची तेथे सतत वर्दळ असे. प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाई रुग्णांच्या शुश्रूषेला उभ्या राहिल्या. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात ज्या कोवळ्या कवीला ‘बालकवी’ हे नाव मिळाले, ते त्र्यंबक बापूजी ठोंबरे याच घरात मुलासारखे वावरले. ठोंबरे हिंदू, घर ख्रिस्ती. पण जेवणाच्या पानावर हा भेद कधी आला नाही. १९१८ मध्ये रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा लक्ष्मीबाईंनी जणू आपला मुलगा गमावला.

टिळकांनी ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी विभागाचे संपादन केले, ख्रिस्ती उपासनेत अभंग-भजने आणली आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. जातपात व पंथ यांपलीकडे ख्रिस्ताच्या अनुयायांनी एकत्र यावे, असा त्यामागील हेतू होता. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार दफनाऐवजी दहन करण्यात आले आणि रक्षा अहमदनगरला नेण्यात आली.

पन्नाशी ओलांडलेल्या लक्ष्मीबाईंपुढे आता उदरनिर्वाहाचा प्रश्न होता. मुंबईत मुलींच्या वसतिगृहात त्यांनी मेट्रन म्हणून काम केले. त्यानंतर मुलगा देवदत्त याच्यासोबत काही काळ कराचीत काढला. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. ते दहा-अकरा अध्यायांवर थांबले होते. औपचारिक शिक्षण नसलेल्या लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठाहून अधिक अध्याय रचले. ज्या पतीने अक्षरे गिरवून घेतली, त्याचे अपुरे काव्य पुरे करण्याचा हा प्रयत्न पतिपत्नींच्या नात्याची साक्ष देतो.

‘स्मृतिचित्रे’चा जन्म मात्र योगायोगाने झाला. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहावयाचे होते आणि त्यासाठी त्यांनी आईकडे आठवणी मागितल्या. आई सांगू लागली आणि त्या आठवणींतून चरित्राऐवजी आत्मचरित्र आकारास आले. ‘संजीवनी’ साप्ताहिकातून ते वाचकांपुढे आले आणि १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. दरम्यान १९३३ मध्ये नागपूरला भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद लक्ष्मीबाईंनी भूषविले. ज्या नागपूरमधून टिळकांच्या धर्मशोधाला वळण मिळाले आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराला तडा गेला, त्याच शहराने चाळीस वर्षांनी त्यांना मानाच्या आसनावर बसविले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्यांचे निधन झाले. आत्मचरित्राचा अखेरचा भाग देवदत्तांनी पुरा केला. ‘ख्रिस्तायन’ १९३८ मध्ये, तर त्यांच्या कवितांचा ‘भरली घागर’ हा संग्रह १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला.

‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवते. धर्मांतराची कथा असूनही त्यात सोडलेल्या धर्माविषयी कडवटपणा नाही आणि स्वीकारलेल्या धर्माचा डंका नाही. सोवळ्याने पछाडलेले वडील त्यात आहेत. पण त्यांच्याविषयी मायाही आहे. टिळकांचे संतत्व आहे, तसाच त्यांचा संतापही आहे. स्वतःच्या फजितीचे प्रसंग तर लक्ष्मीबाई चवीने सांगतात. क्षमा हा शब्द त्यांनी फारसा उच्चारला नसेल, पण ज्या माणसांनी दुखावले त्यांच्याकडे हसून पाहण्याची त्यांची रीत म्हणजे क्षमाच होय. घरात घडलेल्या लहानसहान गोष्टी त्या जशाच्या तशा सांगतात आणि त्यांतून काय घ्यावयाचे, ते वाचकावर सोडतात.

या ग्रंथाची इंग्रजी भाषांतरे झाली. शांता गोखले यांनी केलेले संपूर्ण भाषांतर २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नातू अशोक देवदत्त टिळक यांनी मूळ ग्रंथाची साक्षेपी आवृत्ती सिद्ध केली. मराठी घरांतून हे पुस्तक आजही वाचले जाते, आणि वाचणाऱ्यांत बहुसंख्य ख्रिस्ती नाहीत. गोंदियाच्या पूर्वेला, दरेकसाचे जंगल पार करून राजनांदगावकडे धावणाऱ्या गाड्यांतून आजही हजारो लोक प्रवास करतात. याच मार्गावर एका कवीच्या हाती आलेल्या पुस्तकाने एक घर दुभंगले होते. ते घर पुन्हा सांधले गेले ते लक्ष्मीबाईंनी कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचे ठरविले त्या दिवशी.